लाटेकडे तोंड

काचीगुडा, हैदराबाद
२७ ऑगस्ट १९९५

त्रिवेणी,

हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींचं काय केलंस, माहीत नाही. फाडली असशील तर निदान वाचून फाडली असशील, एवढीच आशा. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. तू इंग्लिश मीडियमची, मराठी लावून लावून वाचतेस. माझं रागातलं अक्षर तर मलाच लागत नाही.

तुझ्या बाबांनी बँकेत अर्ज करून विशाखापट्टणमची बदली मागून घेतली, हे उषानं सांगितलं. तुझ्या नव्या कॉलेजचा पत्ताही तिनंच दिला. मैत्रिणीवर चिडू नकोस, मी तिच्या दारात तासभर उभा होतो. मागून घेतली म्हणे. मी काय प्लेग आहे?

कॉलेजात तेजस तुझ्याबद्दल जे बोलला ते ऐकून कुणाचाही हात उठला असता. माझा उठला. त्याच्या भुवईला चार टाके पडले. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी लिहून दे, वर्गात बस. मी तो कागद फाडून त्यांच्याच टेबलावर ठेवला. त्याचं मला आजही काही वाटत नाही. बी.कॉम. करून कुणाचं भलं झालंय?

आता काम करतो. आबिड्सला, जीपीओच्या मागच्या गल्लीत सत्तारभाईंचं फ्रेमचं दुकान आहे, तिथं. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, वारलेल्या माणसांचे फोटो. आबासाहेबांना पटलेलं नाही. बेगम बाजारात आपल्या हळदीच्या पेढीवर बसायचं सोडून पोरगा लोकांचे बाप काचेत बसवायलाय, असं ते पाहुण्यांसमोर म्हणतात. वडील म्हणून आजवर एवढा एकच विनोद केला त्यांनी, अन् तो माझ्यावर.

सरळ सांगतो. दसऱ्याला मी येणार. दोन ऑक्टोबरच्या गोदावरी एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. तीन तारखेला तुझ्या घरासमोर उभा राहीन, सोनं द्यायला आलोय म्हणेन. दसऱ्याला आपट्याचं पान घेऊन आलेल्याला दारातून हाकलत नाहीत, तुझे बाबासुद्धा हाकलणार नाहीत. तू येऊ नको असं लिहिलंस तर येणार नाही. नुसती गप्प बसलीस तर येणार.

पत्ता दुकानाचा लिहितोय. घरी आबासाहेब पाकिटं उजेडात धरून बघतात.

शिवराज


६ सप्टेंबर १९९५

त्रिवेणी,

दहा दिवस झाले. ठीक आहे.

तुझ्या गच्चीवरून समुद्र दिसतो, असं उषा म्हणाली. मी समुद्र पाहिलेला नाही. हुसेनसागर पाहिलाय, तोही वासासकट. पण गेल्या आठवड्यात दुकानात एक समुद्र आलाय. सिकंदराबादला कुठलासा जुना इंग्रजी बंगला पाडून अपार्टमेंट बांधायलेत, तिथल्या सामानाच्या लिलावातून एका मॅडमनी हे चित्र घेतलं. पद्मावती मॅडम. नवऱ्याची कॉम्प्युटरची नवी कंपनी आहे हिमायतनगरला, तिथं रिसेप्शनच्या भिंतीवर लावायचंय. पाच फूट बाय तीन फूट, तैलरंगातलं, चित्रकाराचं नाव कुठंच नाही. जुनी फ्रेम वाळवीनं खाल्लेली होती, ती हातात घेतली तशी भुगाच झाली.

पहिल्या दिवशी मला चिखल दिसला. काळा-तपकिरी चिखल, मध्ये थोडा पांढरा. सत्तारभाई म्हणाले, सत्तर वर्षांचा धूर बसलाय, साफ कर. कापसाचा बोळा जरासा ओला करायचा, हलक्या हातानं फिरवायचा, एका वेळी चार बोटं जागा, लगेच कोरडं पुसायचं. बोळा चहासारखा रंग घेऊन वर येतो. माझ्यासारख्याला हे काम म्हणजे शिक्षाच आहे, तुला माहीतच आहे. पहिल्या तासात तीनदा उठलो. आता सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन शटरसमोर उभा असतो.

निळा रंग कुठंच नाही. समुद्र निळा असतो हे आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यांनीही तो पाहिला नसेल. मधोमध एक लाट आहे, फुटायच्या बेतात असलेली. तिचा वरचा काठ पातळ झालाय आणि त्यातून पाठीमागचा उजेड आलाय. गोळीसोड्याची बाटली उन्हात धरली की जसा हिरवा दिसतो तसा हिरवा. आभाळ सगळं शिशासारखं. सूर्य कुठंही काढलेला नाही, पण त्या काठावरून कळतं की मागं कुठं तरी आहे. फेस ब्रशानं काढलेला नाही, सुरीनं थापलाय. बोट फिरवलं तर लागतो, भिंतीवरच्या वाळलेल्या चुन्यासारखा. जवळ गेलं की नुसते थापे दिसतात. चार पावलं मागं सरलं की पाणी. अन् ते पाणी तिथंच थांबलेलं असूनसुद्धा आपल्या अंगावर येतं.

मी दिवसभर पुढं होतो, मागं होतो. सत्तारभाई म्हणाले, "क्या मियाँ, तसवीर के साथ नाचते क्या?"

मी म्हणालो, "साब, लाट पडतच नाही."

"पडी तो मेरी दुकान भिगती ना. अच्छा है, नक्को पड़न दो."

मग त्यांनी एक नियम सांगितला. साफ करायचं ते मधलं. कोपऱ्यांना, कडांना हात लावायचा नाही. "कोने फ्रेम का हक है, मियाँ. उसके नीचे जो है सो रहन दो."

विकास, शेखर, सगळे आता संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जातात. मला बघितलं की घड्याळ बघतात. दुकान बंद झालं की मी जीपीओच्या पायऱ्यांवर बसतो. समोरून बसेस जातात. कुणाला सांगावं की आज लाटेच्या पोटातला जांभळा रंग सापडला? तो हिरव्याच्या खाली लपलेला होता. तुलाच सांगतोय.

तिकीट पाकिटात जपून ठेवलंय.

शिवराज


२१ सप्टेंबर १९९५

त्रिवेणी,

आज गणपती दूध प्यायला. तुमच्याकडेही प्यायला असेल. सकाळपासून सगळं आबिड्स देवळांपुढं रांगेत उभं. आई चांदीचा चमचा घेऊन काचीगुड्याच्या देवळात गेली, ती दोन वाजेपर्यंत घरी आली नव्हती. दुकानात एक गिऱ्हाईक नाही. शेवटी सत्तारभाईसुद्धा उठले. "देखके आता, मियाँ," म्हणाले, "रोज रोज थोडी पीते."

मी एकटा राहिलो. मी अन् समुद्र.

मधलं सगळं साफ करून झालेलं होतं. खरं तर काम संपलं होतं. पण हात थांबेना. उजव्या कडेला, अगदी खाली, एक काळा डाग होता. धुराचाच असणार. नियम मोडला. चार बोटं जागा ओली केली.

होडी निघाली.

अंगठ्याच्या नखाएवढी. शीड नाही, दोन माणसं, एक वल्हं. इतक्या मोठ्या पाण्यात एवढीशी. मी आधी हसलो, मग खालीच बसलो. बंगल्यात ज्यांनी हे चित्र रोज पाहिलं असेल त्यांनासुद्धा शेवटच्या काही वर्षांत होडी दिसली नसेल. होडी दिसली आणि अख्खं चित्र बदललं. आधी लाट किती मोठी, ते मला कळलंच नव्हतं. मोजायला काही नव्हतं ना. आता कळलं, ती अशोक टॉकीजएवढी आहे.

पण एक गोष्ट मला खाते आहे. होडीची पाठ आपल्याकडे आहे. तोंड लाटेकडे, खोल समुद्राकडे. डाव्या कोपऱ्यात थोडा किनारा आहे, दगड आहेत. किनारा सोडून, असल्या वादळात, ही माणसं आत कुठं चाललीत? अर्धा तास बघत होतो. मग राग आला. म्हटलं जा. सगळेच जातात. किनाऱ्याला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

तू समुद्राजवळ राहतेस. तुला विचारतो. होडी जातेच आहे का? हे एवढंच सांग. बाकी कशाचं उत्तर देऊ नकोस.

अजून एक. आज कुणीच नाही म्हणून लिहून टाकतो. तेजस काही बोलला नव्हता. तुझ्याबद्दल काय, कशाबद्दलच नाही. पाऊस होता, तो तुला त्याच्या लूनावरून बसस्टॉपपर्यंत सोडायला निघाला होता, अन् तू हसलीस. त्यानं तुला काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. म्हणून मारलं.

सत्तारभाई आले. म्हणाले, "पीरे बोले. मेरा चम्मच नहीं था, वापस आ गया."

शिवराज


२५ सप्टेंबर १९९५

त्रिवेणी,

आज मला दुकानातून काढलं. कायमचं की काय, माहीत नाही.

पद्मावती मॅडम चित्र बघायला आल्या. बाई वाईट नाहीत. आधी खूश झाल्या, "ओहो, अब दिखता है," म्हणाल्या. मला वाटलं त्यांना सगळ्यात आधी मीच दाखवावं. बोट ठेवून होडी दाखवली. मला केवढा अभिमान. त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या ऑफिसचं सगळं वास्तूप्रमाणे आहे. दार हलवलंय, जिना हलवलाय. वास्तूवाल्या पंडितांनी उत्तरेच्या भिंतीवर पाणी चालेल असं सांगितलंय, पण वादळात सापडलेली होडी नको. नव्या धंद्याच्या तोंडावर बुडती होडी कशी लावायची? त्या सत्तारभाईंना म्हणाल्या, बोर्ड रंगवणारा कुणी असेल तर त्याला सांगून तेवढी काळी करून टाका.

मी म्हणालो, बुडत नाहीये.

त्या म्हणाल्या, "बाबू, तुमको क्या मालूम? तुम समंदर देखे?"

त्रिवेणी, मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तुला मी कसा बोलतो ते माहीत आहे. शेवटी म्हणालो, तुमचं ऑफिसच बुडेल. त्या निघून गेल्या. सत्तारभाई ओरडलेसुद्धा नाहीत. माझा डबा उचलून माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुम सच्ची बात ऐसी बोलते मियाँ, के सामनेवाला झूठ पकड़ लेता. जाओ. दिमाग ठंडा हुआ तो आना."

जीपीओच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. दुपारचे तीन वाजलेत. घरी या वेळी गेलो तर आबासाहेब का म्हणून विचारतील.

त्या बाई काय करायला निघाल्या होत्या? जे आहे ते रंगवून नाहीसं करायला. मी त्यांना खुनी म्हणालो. अन् इथं बसल्यावर आठवलं, मी काय केलं होतं.

ते मी आजवर सहाही पत्रांत लिहिलेलं नाही. या सातव्यातही टाळलं असतं. प्रिन्सिपॉलच्या खोलीत तू होतीस, तुझे बाबा होते, तेजसचे वडील होते. प्रिन्सिपॉलनी तुला विचारलं, या मुलाशी तुझा काही संबंध आहे का. तू खाली बघत होतीस. तुझे बाबा म्हणाले, काही संबंध नाही, हा मुलगा खोटारडा आहे. मी खोटारडा नव्हतो, त्रिवेणी. मला एवढंच दिसत होतं. मी खिशातून तुझं पत्र काढलं अन् टेबलावर ठेवलं. सगळ्यांसमोर. तुझ्या बाबांनी ते उचलून वाचलं.

चार ओळींचं पत्र. तू आयुष्यात पहिल्यांदा मराठीत लिहिलेलं. त्यासाठी उषाकडून पंधरा दिवस अक्षरं गिरवून घेतलीस, हे मला तिनंच सांगितलं होतं.

तेजसच्या भुवईचं मला काही वाटत नाही, असं लिहिलं होतं ना. ते खरं नाही. पण ते काहीच नाही या पत्रापुढं. तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस. त्यानंतर आजपर्यंत बघितलेलं नाहीस. तुझी बदली मी करवली. तुझ्या बाबांनी नुसता अर्ज केला.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. प्रिन्सिपॉलना तो कागद लिहून दिला नाही, तिथंच ती सवय मोडली बहुतेक.

शिवराज


२८ सप्टेंबर १९९५

त्रिवेणी,

कार्ड मिळालं.

तीन दिवस दुकानात गेलो नव्हतो. आज सकाळी सत्तारभाईंचा निरोप आला, तुमचं काही तरी आलंय. गेलो. त्यांना मराठी येत नाही, पण कार्ड त्यांनी उलटंपालटं करून इतक्यांदा बघितलं होतं की कोपरा वाकला होता.

"क्या लिखी?"

"समंदर का लिखी."

"बस?"

"बस."

"इत्तेइच वास्ते तुम रो रे?"

तुझी सही नाही. मायना नाही. तारीख नाही. पाच ओळी, त्याही मला पाठ झाल्यात. "होडी जात नाहीये. वादळात होडीचं तोंड लाटेकडेच धरावं लागतं. आडवी झाली की उलटते. इथले कोळी म्हणतात, वादळ संपेपर्यंत नुसती तशी धरून ठेवायची. पुढं पण जात नाही, मागं पण नाही."

कोळ्यांना विचारायला तू किनाऱ्यावर गेली असशील. कुणाबरोबर गेलीस, काय निमित्त सांगितलंस, त्यांच्याशी तेलुगूत कशी बोललीस, सकाळपासून तेच बघतोय डोळ्यांपुढं. शिक्का पंचवीस तारखेचा आहे. म्हणजे माझं पंचवीसचं पत्र तुला मिळायच्या आधीच तू हे लिहिलंस.

आणि पाकीट नाही, कार्ड. त्यावर मी दुपारभर विचार केला. कार्ड कुणीही वाचावं. पोस्टमननं, सत्तारभाईंनी, आबासाहेबांनी. टेबलावर ठेवलं तरी कुणाचं काही बिघडू नये, असं तू लिहिलंस. ते मला कळलं.

होडी धरून ठेवली आहे याचा आणखी काही अर्थ होतो का, ते मी काढणार नाही. दोन महिन्यांपूर्वी काढला असता आणि आत्ता ट्रेनमध्ये असतो.

चित्रासमोर जाऊन परत बघितलं. वल्हं मागं बसलेल्या माणसाच्या हातात आहे. तो जोर लावत नाहीये, नुसता पाण्यात दाबून धरतोय. इतके दिवस बघत होतो मी, आणि हे दिसलं नव्हतं.

शिवराज


३० सप्टेंबर १९९५

त्रिवेणी,

हे शेवटचं, म्हणजे तू म्हणेपर्यंत शेवटचं.

परवा संध्याकाळी पद्मावती मॅडमच्या ऑफिसात गेलो. अर्धा तास बसवलं. मी जे बोललो ते चूक होतं, एवढं म्हणालो. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. मग तुझं कोळ्यांचं सांगितलं, तुझं नाव न घेता. होडी बुडत नाही, तोंड लाटेकडे धरून उभी आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, मला पटतं बाबू, पण पंडितांना अन् माझ्या सासऱ्यांना कोण सांगणार. पटून उपयोग नाही अशीही गोष्ट असते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी मान्य केलं नसतं.

मग मी म्हणालो, रंगवू नका. फ्रेमच्या आतून कापडाची पट्टी असते, ती मी चारही बाजूंनी दोन बोटं रुंद करतो. दिसणार नाही. त्या म्हणाल्या, दिसणार नाही ना? नक्की? मी म्हणालो, नक्की.

सत्तारभाईंनी पट्टी कापायला सुरी पुढं केली. सागवानी फ्रेम केली, कोन मी स्वतः जुळवले. पट्टी बसवायच्या आधी होडीवर बटर पेपरचा तुकडा ठेवला, कापड घासून रंग निघू नये म्हणून. सत्तारभाई म्हणाले, "कोने फ्रेम का हक है, बोला था ना." मी म्हणालो, हौ.

तिकीट काचीगुड्याच्या खिडकीवर परत केलं. दसऱ्याला मी येणार नाही. तू नको म्हणाली नाहीस, म्हणून मला येता आलं असतं, असं आधीचा शिवराज म्हणाला असता. त्या दिवशी आबासाहेबांबरोबर पेढीवर पूजेला बसेन. आईला सांगितलं, तिला खरं वाटलेलं नाही. माफीचा कागद घेऊन कॉलेजातही जायचंय, दसऱ्यानंतर. तेजसकडे अजून गेलो नाही. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन आलो.

या पाकिटात तुझं पत्र आहे. चार ओळींचं, ते. तुझ्या बाबांनी वाचून टेबलावर टाकलं तेव्हा मी ते परत खिशात घातलं होतं. ते माझं आहे असं मला वाटायचं. त्याची झेरॉक्स काढलेली नाही. पाठ आहे, त्याला माझा इलाज नाही.

आज सकाळी चित्र टेम्पोतून हिमायतनगरला नेलं. उत्तरेच्या भिंतीवर चार जणांनी मिळून चढवलं. वर ट्यूबलाईट लावली तसा तो हिरवा काठ पेटला. ऑफिसातली सगळी माणसं उठून आली. मी नेहमीसारखा चार पावलं मागं सरलो. लाट होती तशीच, न पडलेली. उजव्या खालच्या कोपऱ्यात पांढरं कापड, त्यावर सागवान.

रिसेप्शनवरची मुलगी बराच वेळ बघत होती. मग मला विचारलं, "इत्ते बड़े समंदर में कोई बी नहीं है क्या?"

मी तिला म्हणालो, कुणी नाही.

शिवराज